टायटॅनिकवरचे प्रश्न: सोपा कुठला, अवघड कुठला, हे ठरवायचं कसं?

प्रश्नकर्ती

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयात दर एप्रिलमध्ये प्रश्नमंजूषा असते. एक गट आठवी-नववीच्या मुलांचा, दुसरा मोठ्यांचा. गाव सातारा जिल्ह्यात, समुद्रापासून लांब. यंदा विषय ठरलाय टायटॅनिक. प्रश्न काढायचं काम गेली सहा वर्षं माझ्याकडे आहे आणि प्रत्येक प्रश्नापुढे सोपा, मध्यम, कठीण असं मीच लिहिते.

मागच्या वर्षीचा एक प्रसंग अजून मनातून जात नाही. थेट फेरीत प्रत्येक संघाला वेगळा प्रश्न जातो. एका संघाला मी ‘सोपा’ म्हणून दिलेला प्रश्न अख्ख्या सभागृहात कोणाला आला नाही. शेजारच्या संघाचा ‘सोपा’ प्रश्न मात्र पहिल्या रांगेतल्या चिमुरड्यानेही सांगितला असता. पहिला संघ एका गुणाने मागे राहिला. मुलं काही बोलली नाहीत, पण त्यातली एक मुलगी नंतर जवळ येऊन म्हणाली, “काकू, आमचा प्रश्न अवघड होता ना?” मला ‘हो’ म्हणावं लागलं. म्हणून यंदा प्रश्न आधी इथे टाकते आहे.

१. टायटॅनिक कोणत्या बंदरातून निघाली? (सोपा)
२. ती कोणत्या शहरात बांधली गेली? (मध्यम)
३. तिला धुरांडी किती होती? (सोपा)
४. ती कोणत्या तारखेला बुडाली? (सोपा)
५. वाचलेल्यांना कोणत्या जहाजाने उचललं? (मध्यम)
६. तिच्यावर लाइफबोटी किती होत्या? (मध्यम)
७. हिमनग दिसल्यावर ‘हार्ड अ-स्टारबोर्ड’ अशी आज्ञा सुटली. जहाज कोणत्या बाजूला वळलं? (कठीण)
८. अवशेष कोणत्या वर्षी सापडले? (मध्यम)
९. एकूण किती माणसं दगावली? (मध्यम)
१०. ऑलिंपिक, टायटॅनिक आणि ब्रिटानिक या तिन्ही बहिणी-जहाजांच्या अपघातांतून वाचलेली कर्मचारी स्त्री कोण? (कठीण)
११. टायटॅनिकवरची, भारतात जन्मलेली बारा वर्षांची मुलगी कोण? (फार कठीण)

उत्तरं माझ्याकडे आहेत. मला तुमचं मत हवंय ते कंसातल्या शब्दावर.

पूर्वा_वाचते

ताई, मी कॉलेजच्या संघात तीन वर्षं खेळले आहे, त्यामुळे ही यादी बघून हात शिवशिवले. आत्ताच माझ्या चार मैत्रिणींना फोनवर पहिला प्रश्न विचारला. दोघी म्हणाल्या साउदॅम्प्टन, एक गप्प बसली आणि एक ठामपणे म्हणाली लिव्हरपूल. ही चौथी आमच्यात सगळ्यांत जास्त वाचणारी! तिला ते कुठून सुचलं ते मला माहीत आहे. टायटॅनिकच्या मागच्या भागावर नावाखाली ‘लिव्हरपूल’ असंच लिहिलेलं होतं, कारण जहाजाची नोंदणी तिथली. चित्रात तिने ते पाहिलेलं आहे. ज्याने काहीच पाहिलं नाही तो लिव्हरपूल म्हणणार नाही.

तारखेचंही तसंच. हिमनगाची धडक १४ एप्रिल १९१२, रविवारी रात्री ११:४० ला. जहाज पाण्याखाली गेलं ते २:२० ला, म्हणजे १५ तारीख उजाडली होती. ज्याला ‘१४ एप्रिलची रात्र’ पाठ आहे तो घाईत १४ म्हणून जातो. मोघम ‘पंधरा एप्रिल’ ऐकलेला बरोबर येतो. तुमच्या यादीत हे दोन्ही प्रश्न ‘सोपे’ आहेत, पण माझ्या मते हे चकवे आहेत. चकव्याला सोपा-अवघड हे मापच लावता येत नाही.

तिसऱ्या प्रश्नाबद्दल: चार धुरांडी हे मुलांना येईलच, चित्र डोळ्यांसमोर असतं. तो खरोखर सोपा.

फळा_खडू

पूर्वा, तू जे पकडलंस त्याला आमच्या शिक्षणशास्त्रात नाव आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. चाचणीतल्या प्रश्नाची दोन मापं काढतात. पहिलं काठिण्यमूल्य: किती टक्के मुलांना प्रश्न आला. ऐंशी टक्क्यांना आला तर सोपा, वीस टक्क्यांना आला तर अवघड. यातली मेख अशी की हे माप पेपर झाल्यावरच मिळतं. प्रश्न काढणाऱ्याने आधी कंसात लिहिलेला शब्द हा नुसता अंदाज असतो.

दुसरं माप भेदनक्षमता. सगळ्या उत्तरपत्रिका गुणांनुसार उतरत्या क्रमाने लावायच्या, वरचे सत्तावीस टक्के आणि खालचे सत्तावीस टक्के वेगळे काढायचे, आणि वरच्या गटात तो प्रश्न किती जणांना आला त्यातून खालच्या गटात किती जणांना आला ते वजा करून एका गटातल्या संख्येने भागायचं. चांगल्या प्रश्नात आकडा शून्याच्या बराच वर असतो. पण कधीकधी तो ऋण येतो! हुशार मुलं चुकली आणि अंदाजाने लिहिणारी बरोबर आली, असा त्याचा अर्थ. असा प्रश्न आम्ही अवघड म्हणून ठेवत नाही, काढून टाकतो. तारखेचा प्रश्न आत्ता आहे त्या शब्दांत मला तसा वाटतो.

बाईंना एक सूचना: पन्नास मुलांवर चाचणी घेणं जमणार नाही हे समजतं. पण स्पर्धेशी संबंध नसलेल्या आठ-दहा जणांना प्रश्न विचारा, आणि बरोबर-चूक एवढंच न लिहिता चुकलेलं उत्तर जसंच्या तसं लिहून ठेवा. प्रश्नाचं काय बिघडलंय ते चुकीच्या उत्तरांतून जास्त कळतं.

दिशादर्शक

मी मर्चंट नेव्हीत बावीस वर्षं काढली, आता किनाऱ्यावर आहे. ताई, सातव्या प्रश्नासाठी मुद्दाम लिहायला बसलो.

उत्तर डावीकडे, म्हणजे पोर्टला. स्टारबोर्ड म्हणजे उजवी बाजू, मग आज्ञा उजवीची आणि जहाज डावीकडे कसं? कारण त्या काळच्या आज्ञा सुकाणूच्या दांड्याच्या हिशोबाने दिल्या जात. जुन्या होडीत सुकाणूला आडवा दांडा असतो. दांडा उजवीकडे ढकलला की पाण्यातलं पातं डावीकडे जातं आणि होडीचं तोंड डावीकडे वळतं. मोठ्या जहाजांवर चाकं आली, दांडा गेला, आज्ञा तशाच राहिल्या. फर्स्ट ऑफिसर विल्यम मर्डॉक यांनी स्टारबोर्ड म्हटलं, चाकावरच्या रॉबर्ट हिचेन्सने चाक डावीकडे फिरवलं, जहाज डावीकडे गेलं आणि उजवी बाजू हिमनगाला घासली. कोणाचाही गोंधळ झाला नव्हता. त्या वेळच्या खलाशाला हे चालण्याइतकं सवयीचं होतं.

आता काठिण्याचं बघा. उत्तर दोनच शक्य आहेत, डावं किंवा उजवं. नाणं उडवलं तरी निम्मे बरोबर. वर ज्याला ‘स्टारबोर्ड म्हणजे उजवी बाजू’ एवढं माहीत आहे तो हमखास चुकणार, आणि ज्याला तो शब्दच माहीत नाही तो डावी म्हणून सुटेल. फळा-खडू सर म्हणतात तसा ऋण आकडा. पण हा प्रश्न टाकू नका, फिरवा. मोठ्यांच्या गटाला सांगा की आज्ञा स्टारबोर्डची होती आणि जहाज पोर्टला वळलं, आणि ही चूक नव्हती. मग विचारा, कारण काय? आपल्याकडे कोकणात होडी वल्हवलेला कुठलाही माणूस टायटॅनिकचं एक अक्षर न वाचता याचं उत्तर देईल.

सहाव्याचंही तेच. ‘वीस’ हा आकडा पाठ असला तर येतो, नसला तर नाही. त्यात डोकं कुठे लागलं? टायटॅनिकवर वीस बोटी होत्या: चौदा मोठ्या, दोन लहान कटर आणि चार घडीच्या. सगळ्यांत मिळून जागा १,१७८ आणि जहाजावर माणसं २,२०० च्या आसपास. ऐकणारा म्हणतो, कंपनीने कायदा मोडला. मोडला नव्हता. ब्रिटनच्या बोर्ड ऑफ ट्रेडचा नियम दहा हजार टनांवरच्या जहाजाला सोळा बोटी असा होता, आणि टायटॅनिक होती ४६ हजार टनांची. नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे एवढं जहाजच नव्हतं. म्हणजे कायद्याहून चार बोटी जास्त असूनही निम्म्या माणसांना जागा नव्हती. प्रश्न असा करा: ‘टायटॅनिकवर कायद्याने लागत होत्या त्याहून बोटी कमी होत्या, तेवढ्याच होत्या की जास्त?’ आणि गुण फक्त कारण सांगितलं तर द्या.

जुना_वाचक

मला वेगळंच आठवलं. मी शाळेत असताना, म्हणजे सत्तरच्या दशकात, आमच्या शाळेच्या सामान्यज्ञान स्पर्धेत विचारलं होतं, ‘हिमनगाने टायटॅनिकला किती लांबीचं भगदाड पाडलं?’ मी म्हणालो, ‘तीनशे फूट.’ मला एक फाउंटन पेन बक्षीस मिळालं, ते अजून जपून ठेवलंय.

तेव्हाच्या पुस्तकांत तेच होतं. आता आपल्याला ठाऊक आहे की तसं भगदाड नव्हतंच. १९९६ साली ध्वनिलहरींनी गाळाखालची बाजू तपासली तेव्हा सहा अरुंद फटी दिसल्या, सगळ्या मिळून साधारण बारा चौरस फूट. घरच्या एका दारापेक्षाही कमी जागा! गंमत म्हणजे जहाज बांधणाऱ्या हारलँड अँड वुल्फच्या एडवर्ड वाइल्डिंग यांनी १९१२ च्या चौकशीत पाणी किती वेगाने भरलं त्यावरून गणित मांडून हाच आकडा सांगितला होता. ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही आणि तीनशे फूट राहिलं.

दुसरं उदाहरण: जहाज बुडताना दोन तुकडे झाले का? जॅक थेयर या सतरा वर्षांच्या मुलासह वाचलेल्या अनेकांनी तुकडे होताना पाहिलं असं सांगितलं. दुसरे ऑफिसर लाइटोलर नाही म्हणाले. ब्रिटिश चौकशीने अखंड बुडाली असंच धरलं. मग १ सप्टेंबर १९८५ ला सुमारे ३,८०० मीटर खोलीवर अवशेष सापडले आणि पुढचा आणि मागचा भाग एकमेकांपासून लांब पडलेले दिसले. त्या मुलाचे डोळे खरे ठरले, पण तेव्हा तो हयात नव्हता.

सांगायचं ते असं की प्रश्नाचं वय बघा. १९८४ मध्ये ‘तुकडे झाले का?’ हा भांडणाचा प्रश्न होता, आज शाळकरी पोराला येतो. जुन्या प्रश्नसंचांतून प्रश्न उचलत असाल तर उत्तरसूची केव्हाची आहे ते आधी पाहा. चुकीचं उत्तर बरोबर धरून पेन मिळालेला मी एक आहे, आणि त्या दिवशी खरं उत्तर माहीत असलेला कोणी समोर बसला असता तर त्याच्यावर अन्याय झाला असता.

पूर्वा_वाचते

काका, मग नववा प्रश्नही बादच ना? अमेरिकी सेनेटच्या चौकशीत मृतांचा आकडा १,५१७, ब्रिटिश चौकशीत १,४९०. वाचलेले कुठे ७०६, कुठे ७११.

फळा_खडू

बाद. दोन उत्तरं बरोबर असू शकतात तो प्रश्न अवघड नव्हे, सदोष. पंच एक आकडा धरून बसले आणि मुलाने दुसऱ्या अहवालातला सांगितला तर काय करणार? फार तर ‘हजाराहून कमी, हजार ते दोन हजार, की दोन हजारांहून जास्त’ असं विचारता येईल.

हॅलिफॅक्सवासी

कॅनडातून लिहिते आहे. अकरा वर्षांपूर्वी पुण्याहून इथे आले. या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवलं नाही, कारण आमच्या घरापासून बसने फेअरव्ह्यू लॉन दफनभूमीला जाता येतं. टायटॅनिकचे १२१ जण तिथे पुरलेले आहेत. जहाज बुडाल्यावर मृतदेह शोधायला इथूनच केबल टाकणारी जहाजं पाठवली होती. सगळ्यांत जास्त, ३०६, मॅके-बेनेट या जहाजाला सापडले. दगड एकसारखे, राखी रंगाचे, आणि रांग अशी वळते की उंचावरून जहाजाच्या कडेसारखी दिसते. बऱ्याच दगडांवर नाव नाही, फक्त क्रमांक आणि तारीख: १५ एप्रिल १९१२. पूर्वा, तुझी तारीख इथे दगडात कोरलेली आहे.

इथल्या सहावीतल्या मुलाला ‘मॅके-बेनेट काय होतं?’ विचारलंत तर तो लगेच सांगेल, शाळेची सहल तिथेच जाते. साताऱ्यात तो फार कठीण ठरेल. उलट इथल्या माझ्या शेजारणीला अकरावा प्रश्न विचारला, भारतात जन्मलेली मुलगी. तिला वाटलं मी चेष्टा करते आहे. म्हणजे काठिण्य प्रश्नात नसून ऐकणारा कुठे वाढला त्यात आहे की काय, असं मला वाटायला लागलं आहे.

अजून एक. इथे २२७ क्रमांकाच्या दगडावर ‘जे. डॉसन’ लिहिलेलं आहे. १९९७ च्या त्या चित्रपटानंतर लोक तिथे फुलं आणि सिनेमाची तिकिटं ठेवून जायचे, कारण चित्रपटातल्या नायकाचं नाव जॅक डॉसन. खरा माणूस जोसेफ डॉसन, डब्लिनचा, जहाजाच्या पोटात कोळसा सारखा करणारा कामगार. कृपा करून ‘टायटॅनिकवर डॉसन नावाचा माणूस खरंच होता का?’ हा प्रश्न घ्या. सगळे ‘नाही, ते सिनेमातलं’ म्हणतील. चकवा आहे हे मान्य, पण उत्तर ऐकल्यावर सभागृहाला एका कोळसेवाल्याचं नाव कळेल.

दिशादर्शक

हा चकवा मी ठेवेन. फक्त बझर फेरीत, थेट फेरीत नको. बझरला सगळ्या संघांपुढे एकच प्रश्न असतो, त्यामुळे तो कितीही वाकडा असला तरी कोणा एकावर अन्याय होत नाही. मागच्या वर्षीच्या त्या मुलीचा खरा प्रश्न तिथेच होता, ताई. थेट फेरीत मात्र सारख्या वजनाचेच प्रश्न लागतात.

रेवसकर

सगळं वाचलं. आमच्या घरात ‘बोट बुडाली’ म्हटलं की टायटॅनिक कोणाच्या मनातही येत नाही. येते ती रामदास. १७ जुलै १९४७, आषाढ अमावास्या. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी रेवसला निघालेली आगबोट वाटेत काशाच्या खडकाजवळ वादळात उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली. सणाला गावी परतणारे चाकरमानी, व्यापारी, कोळी. आमच्याकडच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांतून जमतील तितक्यांना वाचवलं. माझ्या आजीच्या माहेरची दोन माणसं त्या बोटीत होती. अमावास्येला आजी अजून मुंबईकडे बघून दिवा लावते.

हॅलिफॅक्सच्या ताई म्हणतात ते मला लगेच पटलं. ‘रामदास कुठून कुठे चालली होती?’ हा प्रश्न अलिबागला सोपाही म्हणता येणार नाही, तो प्रश्नच नाही. तुमच्या गावात कोणाला येईल सांगता येत नाही. साउदॅम्प्टन येईल आणि भाऊचा धक्का येणार नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. प्रश्नकर्ती ताई, एक तरी प्रश्न रामदासवर घ्या.

पूर्वा_वाचते

रेवसकर दादा, तुमची तारीख वाचली आणि अंगावर काटा आला. टायटॅनिकच्या लोकांना उचलणारं कार्पेथिया, ते १९१८ साली पाणतीराने बुडालं. तारीख १७ जुलैच.

रेवसकर

हे माहीत नव्हतं. आजीला सांगतो.

जुना_वाचक

विषय टायटॅनिकचा असताना रामदासवर प्रश्न घेणं मुलांना खटकेल का? तयारी त्यांनी एका विषयाची केली असेल. १८८८ साली मांडवीहून मुंबईला येताना नाहीशी झालेली वैतरणा, गुजरातेत जिला विजळी म्हणतात, तिच्यावरही मग विचारावं लागेल. रेवसकरांचं दुःख समजतं, पण नियम आधी जाहीर झालेत ना?

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. फळा-खडू सरांचं ऐकलं. आठवडाभर ओळखीपाळखीच्या नऊ जणांना प्रश्न विचारले आणि उत्तरं वहीत जशीच्या तशी लिहिली. दूधवाला, माझी भाची, दोन शिक्षिका, कॉलेजातली मुलं आणि एक निवृत्त पोस्टमन. सापडलं ते असं.

धुरांडी ‘चार’ सगळ्यांना आली. मग मी पुढे विचारलं, ‘चौथ्यातून काय येत होतं?’ सगळे म्हणाले धूर. चित्रांत चारही धुरांड्यांतून धूर काढलेला असतो ना! बॉयलरचा धूर पहिल्या तिघांतूनच यायचा, चौथं मुख्यतः हवा खेळती ठेवायला होतं. पण भाचीने मला पकडलं: स्वयंपाकघराचा धूर तर चौथ्यातूनच जायचा म्हणे. मग ‘चौथ्यातून धूर येत नव्हता’ हे माझं उत्तरच चूक होतं. प्रश्नात आता ‘बॉयलरचा’ हा शब्द घातला. एका शब्दाने अवघड प्रश्न सदोष होताहोता वाचला.

बेलफास्ट फार कमी जणांना आलं. मी मध्यम म्हटलं होतं, इथे तो कठीण आहे.

सगळ्यांत आश्चर्य पाचव्याचं. मला वाटायचं कार्पेथिया सगळ्यांना येईल, कारण मला ते लहानपणापासून माहीत आहे. नऊपैकी एकालाच आलं. पोस्टमन काका म्हणाले, ‘अगं, ते जहाज आलं हे माहीत आहे, नाव कोण लक्षात ठेवतं?’ आपल्याला येतं ते सोपं, ही माझी चूक मी सहा वर्षं करत होते. त्या मुलीचा प्रश्नही मी असाच ‘सोपा’ ठरवला होता.

रेवसकर दादा, जुन्या वाचक काकांचं म्हणणं स्पर्धेपुरतं बरोबर आहे, म्हणून रामदास गुणांच्या प्रश्नांत घेत नाही. पण स्पर्धेच्या सुरुवातीला पाच मिनिटं मी रामदासबद्दल बोलणार आहे. आजींची परवानगी असेल तर दिव्याचंही सांगेन.

रेवसकर

आजी हो म्हणाली. म्हणाली, ‘बोटीचं नाव नीट घे म्हणावं.’

हॅलिफॅक्सवासी

अकराव्याचं काय केलंत? मला ती मुलगी यादीतून जायला नको आहे.

प्रश्नकर्ती

रूथ बेकर. गुंटूरला जन्मली, आईवडील मिशनरी. धाकट्या भावाच्या आजारावर उपचार करायला आई तिन्ही मुलांना घेऊन अमेरिकेला निघाली होती. आई आणि धाकटी भावंडं एका बोटीत गेली, रूथ मागे राहिली आणि तेराव्या बोटीत चढली. कार्पेथियावर परत भेट झाली. नाव ओळखा म्हटलं तर कोणालाच येणार नाही, आणि कोणालाच न येणारा प्रश्न सगळ्या संघांना सारखाच शून्य देतो. त्यात काय मोजलं?

म्हणून दुसऱ्या एका बाईंची गोष्ट घेऊन प्रश्न नव्याने बांधला आहे. ॲनी फंक. आज छत्तीसगडमध्ये असलेल्या जांजगीरला मुलींची शाळा चालवायच्या. आई फार आजारी असल्याची तार आली, म्हणून रेल्वेने मुंबईला आल्या, तिथून बोटीने इंग्लंडला. लिव्हरपूलहून दुसऱ्याच एका जहाजाचं तिकीट ठरलं होतं, ते ऐनवेळी सुटलं नाही आणि त्यांना टायटॅनिकवर जागा दिली. १२ एप्रिलला जहाजावरच त्यांनी अडतिसावा वाढदिवस पाहिला. त्या वाचल्या नाहीत. (त्यांनी लाइफबोटीतली आपली जागा एका आईला दिली असं सांगतात, पण पक्का आधार नाही, म्हणून त्यावर प्रश्न नाही.)

प्रश्न असा: ‘१९१२ च्या वसंतात इंग्लंडमधली बरीच जहाजं बंदरातच उभी राहिली आणि त्यांचे प्रवासी टायटॅनिकवर चढवले गेले. जहाजं का थांबली असतील?’

दिशादर्शक

वा. हा प्रश्न कुठल्याही पुस्तकातून पाठ करून येणार नाही आणि तरी उत्तर हाताशी आहे. थेट फेरीत शेवटी ठेवा, आणि सगळ्या संघांना लेखी द्या म्हणजे वजनाचा वाद नाही.

फळा_खडू

शब्दरचना एकदा मुलांच्या डोळ्यांनी वाचा. ‘वसंतात’ ऐवजी ‘मार्च-एप्रिलमध्ये’ लिहा. आपल्याकडच्या मुलाला वसंत म्हटलं की आंब्याचा मोहर आठवतो, आणि तो उगाच हवामानाकडे वळेल.

प्रश्नकर्ती

बदललं, सर. सुचलंच नव्हतं.

प्रश्नकर्ती

स्पर्धा काल झाली. उशिरा लिहिते आहे, पण तुम्हाला सांगितल्याशिवाय झोप लागणार नाही.

थेट फेरीत यंदा कोणत्याही संघाची तक्रार नाही. तारखेचा प्रश्न मी ‘धडक कोणत्या तारखेला झाली आणि जहाज बुडालं कोणत्या तारखेला?’ असा केला होता. चकवा निघून गेला आणि तीन संघांपैकी दोघांना तो आला. दांड्याच्या आज्ञेचं कारण मोठ्यांच्या गटात एकाने सांगितलं. तो लहानपणी मामाकडे दापोलीला होडीत बसायचा. ‘डॉसन’वर सगळे चुकले आणि उत्तर सांगितल्यावर सभागृह शांत झालं.

रामदासबद्दल बोलले. बोटीचं नाव नीट घेतलं. एक वृद्ध गृहस्थ उठून म्हणाले की त्यांचे काका त्या दिवशी धक्क्यावर उशिरा पोचले म्हणून वाचले. आमच्या गावात हे कोणालाच माहीत नव्हतं.

शेवटचा, जहाजांचा प्रश्न लेखी दिला. दोन संघांनी ‘वादळ’ आणि ‘हिमनगाची भीती’ असं लिहिलं. तिसऱ्या संघात मागच्या वर्षीची ती मुलगी होती, आता नववीत. तिने पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘जहाज कोळशावर चालायचं. कोळसा मिळाला नसेल. खाणीत संप असेल.’

मी उत्तर वाचून दाखवलं: ब्रिटनमधल्या खाणकामगारांचा संप, आणि बाकीच्या जहाजांचा कोळसा टायटॅनिकला दिला होता. नंतर ती वही गोळा करायला आली तेव्हा मी विचारलं, “तुला हे माहीत होतं?”

म्हणाली, “नाही काकू. तुम्ही सुरुवातीच्या फेरीत चौथ्या धुरांड्याचं विचारलंत ना, मग बाकीच्या तीनमधून धूर कशाचा, असा विचार केला.”